थंड व कोरड्या जागी ठेवावे

वेष्टणावर बारीक अक्षरांत लिहिलंय:
थंड व कोरड्या जागी ठेवावे.
मी चष्मा लावून दोनदा वाचलं,
मग घरभर ती जागा शोधत फिरले.

धनकवडी, तिसरा मजला, पश्चिमेची खिडकी,
वैशाख.
माठामागे थंड आहे, पण ओल.
लोखंडी कपाट कोरडं, पण संध्याकाळी पाचला
त्याच्या दाराला हात लावून बघा.
देवघराखालच्या खणात कापूर;
चॉकलेटला आरतीचा वास.
उरला फ्रिज.

श्रीरंग म्हणणारच, फ्रिजच.
तो भुसावळचा. तिकडे म्हणे मे महिन्यात
चॉकलेट खायचं नसतं, कागद चाटायचा असतो.
नोकरी लागल्यावर हप्त्यांवर फ्रिज घेतला,
तर त्यात दुधाआधी चॉकलेट ठेवलं
आणि रात्रीतून तीनदा उठून दार उघडून पाहिलं.
हे त्यानेच सांगितलेलं, लग्न ठरायच्या आधी,
सारसबागेच्या कट्ट्यावर.
त्याला तो आवाज हवा असतो, कट्,
वडी मोडल्याचा. आवाज नाही तर पैसे वाया.

मला आवाज नको.
एक तर उजवी दाढ ठणकते. आणि दुसरं,
गार चॉकलेट म्हणजे मेणबत्ती,
जिभेवर नुसती बसून राहते, पाहुणीसारखी.
आमचे दादा नारायण पेठेतल्या छापखान्यातून
सायकलवर यायचे. शनिवारी सदऱ्याच्या खिशात
एक छोटं चॉकलेट, अंगाच्या उबेने वाकलेलं,
कागदाला त्यांच्या अंगठ्याची शाई.
मला अजून वाटतं, त्याचं तापमान तेच,
सायकल हाणून आलेल्या माणसाच्या छातीचं.

असो. तर हे नवं, विटेएवढं,
त्याच्या भाच्याने परदेशातून आणलेलं,
नेमकं आलं आमच्या अबोल्यात.
अबोल्याचं कारण चॉकलेट नव्हतं. कारण होतं
मला न विचारता धाकट्या दिरांना दिलेले चाळीस हजार.
त्याची दुसरी पाळी, भोसरीला. घरी येतो रात्री साडेबाराला.
मी सातला शाळेच्या ऑफिसात.
भेट होते ती वस्तूंची:
त्याचा घासून ठेवलेला डबा,
माझी खुंटीवर अडकवलेली किल्ली.

सोमवारी मी ते फ्रिजमध्ये ठेवलं.
मंगळवारी सकाळी बघते तर ओट्यावर,
स्टीलच्या पातेल्याखाली झाकलेलं.
म्हटलं, हा हट्ट.
पण एकही वडी मोडलेली नव्हती.
पुन्हा आत.
बुधवारी पुन्हा बाहेर, त्याच पातेल्याखाली,
आणि मुंग्या येऊ नयेत म्हणून
खाली ताटलीत पाणी.
आता, ताटलीत पाणी घालणारा माणूस
रागावलेला असतो का?
ठरवता येईना.
आत ठेवताना माझंही मला
कुठे ठरवता आलं होतं?

गुरुवारी आमच्याकडे वीज जाते.
त्याची सुट्टी, माझी अर्धी रजा.
दुपारी दोन. पंखा थांबलेला, फ्रिज गप्प,
आत आणि बाहेर एकच वैशाख.
त्याने दार उघडलं, चॉकलेट काढलं,
खिडकीच्या उजेडात धरलं.
वरून पांढुरकं, राख फासल्यासारखं.

"बुरशी?"

चार दिवसांनंतरचा पहिला शब्द हा. बुरशी.

"नाही," मी म्हटलं. "सारखं आत-बाहेर केलं की
आतलं तूप वर येतं."
"कोण करत होतं आत-बाहेर?"
मी त्याच्याकडे पाहिलं.
तो ताटलीकडे.

मग मोडलं. आवाज आला नाही,
आधी वाकलं, मग तुटलं.
चव खडूची, आणि मागून थोडी शेपूची,
खालच्या कप्प्यात जुडी होती कालची.
त्याने तोंड वाकडं केलं नाही.
दुसरी वडी घेतली.
मलाही दिली.

चाळीस हजारांचं विचारायचंच आहे.
हात धुऊन विचारते.
बोटांना लागलंय.